केडगावच्या विहिरी

दिवाळीच्या अंकात दुष्काळाची गोष्ट सांगू नये, असा एक अलिखित संकेत आहे. शेजारी चकल्यांचे ताट असावे, दारात आकाशकंदील हलत असावा आणि हातातल्या अंकातून उपाशी माणसे डोकावू लागावीत, हे सणासुदीला साजेसे नव्हे. परंतु ज्या बाईंविषयी मला लिहायचे आहे त्यांचे सारे आयुष्यच एका दुष्काळातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात असे गेले. त्याला माझा इलाज नाही. वाचकांनी चकली खात खात वाचावे. बाईंना राग आला नसता. त्यांच्या घरी दोन हजार तोंडे जेवत होती आणि अन्नाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

पंडिता रमाबाई हे नाव शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपते. संस्कृतच्या पंडिता, आर्य महिला समाज, शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन. मी इतिहास शिकवते, तेव्हा या चार ओळी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे मला मात्र ओळींपेक्षा ओळींमधल्या मोकळ्या जागा अधिक दिसतात. त्या जागेत एक प्रश्न ठाण मांडून बसला आहे. ज्या मुलीने सोळाव्या वर्षी आईबापांना भुकेने खंगून मरताना पाहिले, आणि तेही देवाचे नाव घेत घेत मरताना पाहिले, त्या मुलीचा पुढे देवावर एवढा भरवसा कसा बसला? तिने देव बदलला, धर्म बदलला, हे उत्तर सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही.

वडिलांपासून सुरुवात करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्याला असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत शिकते हे पाहून या तरुणाच्या मनात आपल्या बायकोलाही शिकवायचे असा ध्यास बसला. घरच्यांचा विरोध, लोकांची निंदा, सगळे झाले. उडुपीच्या विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला आणि तो त्यांनी शास्त्राधारे दिला. मग लोकांपासून दूर, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तिथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवा कफल्लक झाले आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. सहा महिन्यांची रमा वेताच्या पेटाऱ्यात, कोणाच्या तरी डोक्यावर. घर म्हणून जे काही असते ते या मुलीने पुढे कित्येक वर्षे पाहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे, उरेल ते दानधर्मात घालायचे आणि पुढचा गाव गाठायचा. मुलीला संस्कृत शिकवले ते आईने, पहाटेच्या अंधारात.

मद्रास इलाख्यातला तो मोठा दुष्काळ १८७६-७७ मध्ये शिगेला पोचला. पण त्याची झळ त्याआधी दोन-तीन वर्षे लागू लागली होती. पुराण ऐकायला येणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, तेथे पुराणिकाला कोण देणार? शास्त्रीबुवांनी मजुरी कधी केली नव्हती आणि मुलांनाही शिकवली नव्हती. होते नव्हते ते दागिने गेले, भांडी गेली. जे पैसे आले त्यांतूनही देवाला वाहिले, ब्राह्मणांना दिले, कारण संकट टाळायचे तर देव प्रसन्न झाला पाहिजे. जप झाले, अनुष्ठाने झाली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात हे कुटुंब अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर राहिले. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला की, मी जातीचा अभिमान सोडतो, हमाली करतो, पण तुम्ही हे करू नका. फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोघेजण कसेबसे मिळाले, तिसरा मुलगा, चौथी रमा. उंचीला ठेंगणी म्हणून तिने तिरडीची आपली बाजू खांद्याऐवजी डोक्यावर घेतली.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. सुकडीची आणि तांबड्या मिलोच्या भाकरीची चव तिच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. ती सांगते की, त्या वर्षी गावात दोन तऱ्हेची माणसे झाली. एक, ज्यांनी देव्हाऱ्यातले देव उचलून फडताळात ठेवले. आणि दुसरी, जी रोज अधिकच नेमाने दिवा लावू लागली. रमाबाई पहिल्या तऱ्हेत गेल्या. पुढे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की, ज्यांच्यासाठी आम्ही सगळे दिले ते देव आमच्या कामी आले नाहीत. बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. उत्तरेत झेलमच्या काठी थंडी इतकी की अंगावर घालायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यांत निजले आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. त्या खड्ड्यात निजलेल्या मुलीला देवाविषयी काय वाटत असेल, याची कल्पना कादंबरीकारानेही करू नये.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मरताना वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले होते की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच सेवा कर. पुढे कलकत्त्याने १८७८ मध्ये रमाबाईंना डोक्यावर घेतले, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आणि दोनच वर्षांनी डाक्क्याला भाऊ मरणाला टेकला. बहिणीचे कसे होणार, ही त्याला काळजी. रमाबाईंनी त्याला म्हटले की, आपल्याला देवावाचून दुसरे आहे तरी कोण? त्यावर तो म्हणाला की, देव काळजी वाहणार असेल तर मला कसलीच भीती नाही. हे १८८० साल. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. जुन्या देवांवरचा विश्वास उडालेला होता, नवा कोठे बसलेला नव्हता. देवळे गेली, मूर्ती गेल्या, व्रते गेली, आणि तळाशी हे एवढे उरले. मला वाटते, केडगावच्या पायाचा दगड येथे आहे. तो वडिलांनी दिलेला आहे. वडिलांच्या श्रद्धेवर बाईंनी पुढे फार कडक लिहिले. त्यातले बरेच खरेही आहे. पण साऱ्या पंडितांविरुद्ध एकट्याने उभे राहून बायकोला शिकवणारा माणूस काही नुसता भाबडा नव्हता. लेकीचा हट्टीपणा आला कोठून?

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य नोंदणी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, आणि रक्ताचे माणूस जगात दुसरे नाही.

पुण्यातले दिवस, आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, त्याच्या पैशांतून केलेला इंग्लंडचा प्रवास, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! कोणी म्हणाले, फसवले. कोणी म्हणाले, विकले गेल्या. लंडनजवळ फुलहॅमला त्या जोगिणी वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा देत, त्यांची घृणा न करता त्यांना माणसांत आणत. हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले आणि असे करणाऱ्यांचा देव कोण, म्हणून विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पाच नवरे झालेली, लोकांनी टाकलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ज्या धर्मात अशा बाईशी प्रभू स्वतः बोलतो तो धर्म आपला, असे त्यांनी ठरवले. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून मान वाकवली असे नाही. धर्मगुरूंच्या एकेका मताशी त्या पत्रांतून हुज्जत घालत राहिल्या. माझी अक्कल मी गहाण ठेवलेली नाही, असा त्या पत्रांचा एकंदर सूर आहे. इतकेच नव्हे, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे १८९१ च्या सुमारास मिळाला, असे त्यांचे स्वतःचे सांगणे आहे. धर्मांतराने भरवसा आयता मिळत नाही. त्याला आठ वर्षे लागली.

त्या आठ वर्षांत अमेरिका झाली. तेथे १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे खर्च चालवण्याचे तिने कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही असा करार होता. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले. दोन्ही बाजूंना आपापले खरे वाटत होते. करार झाला होता हे खरे. आणि बाईने आपल्या खोलीत देवाचे नाव घेताना दार लावूनच घेतले पाहिजे, हा हट्टही जरा चमत्कारिकच होता.

या सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर, हडसन टेलर अशांची चरित्रे आली. म्युलरने इंग्लंडात ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले वाढवली आणि कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर वाढवली, अशी त्याची ख्याती. इंग्लंडात जे घडले ते हिंदुस्थानात का घडू नये, असा रमाबाईंचा सरळ सवाल होता. पण याच बाईंनी अमेरिकेची मुदत १८९८ ला संपणार हे ध्यानात ठेवून केडगावला जमीन घेतली होती, फळझाडे लावण्यासाठी! झाडे मोठी होतील, फळे विकली जातील, सदन आपल्या पायांवर उभे राहील असा त्यांचा हिशेब. प्रार्थना आणि संत्र्यांची बाग यांत त्यांना विसंगती दिसली नाही. त्यांच्या वडिलांना ती दिसली असती. बापलेकीच्या श्रद्धेतला फरक मला देवाच्या नावापेक्षा येथे अधिक जाणवतो. रानात मुलगा हमालीला तयार झाला तेव्हा उशीर झाला होता. मुलीने तो उशीर पुन्हा होऊ दिला नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तसा सोळाव्या वर्षीचा तो सगळा काळ बाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. हाताशी पैसा नाही, सदनात उच्चवर्णीय विधवा, जागा थोडी. तीनशे मुली आणायच्या असे त्यांनी मनाशी धरले आणि निघाल्या. धर्मशाळांतून, सरकारी मदतकेंद्रांतून फिरल्या. मुली विकणारे आणि विकत घेणारे तेथे आधीच पोचले होते. सांगाडे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या मुली, सर्व जातींच्या. त्यांतल्या काही आणल्यावरही वाचल्या नाहीत. पुण्यास आणाव्यात तर तेथे प्लेगचे थैमान आणि नव्या माणसांना मज्जाव. मग बागेसाठी घेतलेल्या केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या आणि तंबू पडले. मुक्तिसदन असे सुरू झाले. संत्र्यांसाठी घेतलेली जमीन माणसांच्या कामी आली.

येथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण भक्त मंडळी ती सहसा सांगत नाहीत. याच १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात सरकारच्या प्लेगव्यवस्थेवर उघड टीका केली. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय दशा होते आणि आपल्या एका मुलीचे तेथे काय झाले, हे त्यांनी जाहीर विचारले. सरकारने आरोप नाकारले. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही त्या पत्राचा हवाला दिला होता. म्हणजे देवावर भार टाकलेली ही बाई लाटसाहेबांना जाब विचारताना कचरत नव्हती. हे सगळे देवाची इच्छा म्हणून सोसा, असे त्यांनी म्हटले नाही. स्तोत्रसंहितेत भक्त देवालासुद्धा विचारतात की, तू कोठे आहेस. त्या मानाने लाटसाहेब म्हणजे काय?

मग आला गुजरातचा छप्पनचा काळ, इसवी सन १९००. पुन्हा मुली, पुन्हा बैलगाड्या आणि आगगाड्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शिवाय गुरे, बांधकाम, भाजीचा मळा. आणि पाऊस नाही. पाणी पुरवणाऱ्या विहिरी दोन. रमाबाईंनी त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे त्याचा भाव असा : रोज संध्याकाळी विहिरी तळाला जात, उद्या पाणी नाही असे कोणी ना कोणी म्हणे, आणि रोज सकाळी उद्यापुरते नव्हे, त्या दिवसापुरते पाणी झऱ्यांतून साठलेले असे. बाईंना तो ईश्वराचा हात वाटला. भूगर्भशास्त्र जाणणारा म्हणेल की, झरे जिवंत होते, रात्रभर उपसा थांबला की पाणी चढते, त्यात नवल ते काय? मी दोघांशीही भांडणार नाही. मला त्या विहिरींपाशी वेगळीच गोष्ट दिसते. संध्याकाळी तळ दिसल्यावर दोन हजार माणसांची जबाबदारी असलेली ती बाई निजायला जात होती. सकाळी पुन्हा पोहरा सोडायचा आहे, हे धरून जात होती. आणि विहिरी मुळात तेथे होत्या, कारण चार वर्षे आधी कोणीतरी त्या माळावर खडक फोडायला माणसे लावली होती.

पैशाचेही असेच. १८९८ नंतर मुक्तीसाठी ठराविक रक्कम देणारे कोणी नव्हते. पेटीत काही नाही आणि उद्याचे धान्य आणायचे आहे, असे प्रसंग आले. अशा वेळी प्रार्थना होई आणि टपालाने हुंडी येई, अशा हकिकती त्यांनी लिहिल्या आहेत. त्या वाचताना हेही ध्यानात ठेवावे की, केडगावहून ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे इंग्रजी पत्रक निघत असे आणि ते समुद्रापलीकडे, अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात वाचले जात असे. मागितले नाही हे खरे. पण गरज कळवली जात होती, हेही खरे. यात लबाडी पाहणारे पाहोत. केडगावात त्याच वेळी हातमाग चालत होते, तेलघाणा चालत होता, दूधदुभते, सुतारकाम, छापखाना होता. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकत होत्या, आणि ती ब्रेल लिपी शिकून आलेली मनोरमा त्यांना शिकवीत होती. ज्यांना घरच्यांनी ओझे म्हणून टाकले त्यांच्याच हातांनी ते गाव उभे राहिले.

सगळ्यांत कठीण ऋतू मात्र शेवटी आला. त्या दुष्काळांत निदान करण्यासारखे काही होते. कान गेलेले, साठी उलटलेली. आणि एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळे सोपवायचे, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये चाळिशीत निघून गेली. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा. राहिलेले एक माणूस तेही गेले. येथे टपालाने हुंडी आली नाही, विहिरीला पाणी चढले नाही. ज्यांना विश्वास म्हणजे मागितलेले मिळणे असे वाटते त्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. बाईंनी काय केले? त्यांनी टेबलावरचे काम पुढे ओढले.

ते काम जवळजवळ वीस वर्षे चालू होते. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण त्यातले संस्कृत शब्द केडगावच्या शेतकरीण पोरींच्या पोटात उतरत नव्हते. म्हणून ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या या बाईंनी संस्कृत बाजूला ठेवले, मूळ वाचता यावे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साऱ्या ग्रंथाचे साध्या, बाया बोलतात त्या मराठीत भाषांतर केले. एकटीने! मनोरमा गेल्यानंतरही मुद्रिते तपासणे चालूच होते. काम पुरे होण्याइतके दिवस दे, एवढेच मागणे होते, असे सांगतात. तपासणी संपत आली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांना मरण आले.

ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो केडगावच्याच छापखान्यात छापला होता. आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायांत दुष्काळातून आणलेल्या, पाटीवर पहिले अक्षर मुक्तीतच गिरवलेल्या बाया होत्या.